आधी माती, मग बियाणं: वन्यजीवांसाठीच्या छोट्या चारा-तुकड्याची जमीन कशी तपासावी आणि सुधारावी

हरणांसाठी पेरलेलं क्लोव्हर (तीन पानांचं द्विदल चारापीक) उगवलं, दोन पानांवर आलं आणि तिथेच थांबलं. पाऊस वेळेवर झाला होता, बियाणं चांगलं होतं, कडेच्या गवताला तर काही धरबंध नव्हता. महिनाभर वाट पाहिली, मग चिडून वर युरिया फेकला. गवत आणखी माजलं, क्लोव्हर पिवळं ते पिवळंच. शेवटी माती तपासून घेतली तेव्हा कळलं की सामू (पीएच) ५.२ होता. म्हणजे जमीन चांगलीच आम्ल, आणि क्लोव्हरला हवा असतो सहाच्या वरचा. त्या तुकड्याला युरिया नव्हे, चुना हवा होता, आणि तोही पेरणीच्या सहा महिने आधी.

हरणं, ससे, पक्षी यांच्यासाठी झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत किंवा शेताच्या कडेला जो चाऱ्याचा तुकडा करतात, ज्याला फूड प्लॉट म्हणतात, तो बहुतेक वेळा अशाच जमिनीवर पडतो जी शेतीला नको असते. आम्ल, उथळ, दगडाळ, सावलीची, नाहीतर ट्रॅक्टर आणि गाड्या फिरून घट्ट झालेली. त्यामुळे शेतातल्या पिकाचे आडाखे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. शिवाय उद्देशही वेगळा. इथे क्विंटल मोजायचे नाहीत. चारा हिरवा, कोवळा आणि पौष्टिक राहिला आणि जमीन दरवर्षी थोडी सुधारत गेली की झालं.

कुठे हात लावायचा नाही, ते आधी

मूळचं गवताळ रान, पाणथळ जागा, ओढ्याचा काठ, तीव्र उतार या जागा सोडून द्या. जुनं गवताळ रान मोडून तिथे क्लोव्हर पेरणं म्हणजे असलेलं ताट उलटून त्यात चमचाभर वाढणं. पाण्याच्या काठापासून किमान दहा मीटर पट्टा न नांगरता, न खत घालता ठेवा. वन्य प्राण्यांना खाद्य देण्याबद्दल किंवा जमीन फोडण्याबद्दल तुमच्याकडे काय नियम आहेत, तेही आधीच विचारून घ्या. काही ठिकाणी प्राणी एका जागी गोळा होऊन रोग पसरू नये म्हणून बंधनं असतात.

जागा ठरली की टेपने मोजा. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. मोठ्या शेतात वीस-पंचवीस चौरस मीटरची चूक खपून जाते. ५०० चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या तुकड्यात अंदाज शंभराने चुकला तर प्रत्येक खताचा हिशेब पाचव्या हिश्श्याने चुकतो. वाकड्यातिकड्या जागेचे आयत आणि त्रिकोण पाडून बेरीज करा, आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे तो दहा वेळा लागणार आहे.

प्रयोगशाळेआधी फावडं

पाऊस पडून गेल्यावर, जमीन वाफशावर असताना एक फावडं, पाण्याची बादली आणि झाकणाची उभी काचेची बरणी घेऊन जा. वाफसा ओळखायचा कसा ते माहीत असेलच: मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकलं की सुटावा. गोळा चमकत राहिला किंवा बोटाला चिकटला तर अजून ओल जास्त आहे.

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा चौकोनी गड्डा उचला आणि गोणपाटावर टाका. हाताने सावकाश फोडा. माती भाकरीच्या कुस्करासारखी दाणेदार फुटते की पाटीसारख्या आडव्या पापुद्र्यांत? पापुद्रे म्हणजे दाब बसलेला आहे. मुळं सरळ खाली गेलीत की ठरावीक खोलीवर काटकोनात वळलीत? वळली असतील तर ती खोली मोजून लिहा, तिथे घट्ट थर आहे. वास घ्या. पहिल्या पावसासारखा वास आला तर हवा खेळते आहे. गटारासारखा, कुजका आला आणि मातीत करडे-निळसर डाग दिसले तर पाणी साचून राहतं. गांडुळं मोजा. एवढ्या गड्ड्यात दहा किंवा जास्त निघाली तर उत्तम. मात्र कडक उन्हात किंवा कोरड्या जमिनीत गांडुळं खोल जातात, तेव्हा शून्य आलं म्हणून लगेच हाय खाऊ नका.

आता त्याच खड्ड्यात पाणी भरा. पहिलं पाणी मुरू द्या, ते कोरडी माती ओली करण्यात जातं. दुसऱ्यांदा भरून पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजा. दोन ते पाच सेंटिमीटर ठीक. एकाहून कमी असेल तर तिथे ल्युसर्न (लसूणघास) विसरा, मुळं कुजतील. दहाहून जास्त असेल तर जमीन चाळणीसारखी आहे, खत थोडं थोडं आणि अनेक वेळा द्यावं लागेल.

बरणीची तपासणी घरी आल्यावर. खडे काढून चाळलेली माती बरणीत एक तृतीयांश भरा, वरपर्यंत पाणी, भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब, आणि पाच मिनिटं जोरात हलवा. बरणी ओट्यावर ठेवली की एका मिनिटात जो थर बसतो ती वाळू. तिथे पेनाने खूण करा. दोन तासांनी त्यावर पोयट्याचा, म्हणजे बारीक गाळाचा थर बसलेला दिसेल, दुसरी खूण. चिकणमाती बसायला एक-दोन दिवस घेते, कधी त्याहून जास्त, आणि तोवर पाणी चहासारखं गढूळ राहतं. तिन्ही थरांची उंची मोजून टक्केवारी काढा. हे पोरखेळ वाटेल, पण पुढे चुन्याचं प्रमाण का बदलतं ते या बरणीवरून कळतं. चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ आम्लता धरून ठेवतात. सामू तोच असला तरी भारी जमिनीला रेताड जमिनीपेक्षा कितीतरी जास्त चुना लागतो.

एक शेवटची गंमत: कोरड्या मातीच्या चिमटीवर थोडा व्हिनेगर टाका. फसफसलं तर जमिनीत मोकळा चुना आहे. मग चुन्याचा विषयच संपला, थेट चुनखडीच्या जमिनीच्या भागाकडे जा.

नमुना घेणं: सगळी चूक इथेच होते

प्रयोगशाळा चमचाभर माती तपासते. तो चमचा तुमच्या अख्ख्या तुकड्याचा प्रतिनिधी असला पाहिजे. यंत्र कितीही महाग असो, नमुना चुकला तर अहवाल म्हणजे नुसता नीट टाइप केलेला कागद.

पेरणीच्या सहा महिने आधी नमुना घ्या, निदान तीन तरी. तुकडा एकसारखा असेल तर नागमोडी चालत दहा ते पंधरा ठिकाणांहून माती घ्या. एक भाग उतारावर काळा, दुसरा वर मुरमाड असेल तर दोन वेगळे नमुने. झाडांच्या सावलीतला पट्टाही वेगळा, कारण पानगळीचा थर आणि मुळांची ओढ यांमुळे तिथली माती मधल्या मोकळ्या जागेसारखी नसते. बांधाजवळ, शेणाच्या पोवापाशी, जुन्या शेकोटीच्या जागी, खताची गोणी ठेवली होती तिथे, लाकडं रचली होती तिथे माती घेऊ नका. शेकोटीच्या राखेची एक मूठ अख्ख्या नमुन्याचा सामू फिरवू शकते.

प्रत्येक ठिकाणी आधी पालापाचोळा आणि गवत बाजूला करा, पण माती खरवडू नका. फावड्याने इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करा. मग खड्ड्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत दोन-तीन सेंटिमीटर जाडीची एकसारखी चकती कापा. चकती वर जाड आणि खाली निमुळती निघते, कारण फावडं तिरकं जातं. म्हणून ती फावड्यावरच ठेवून सुरीने दोन्ही कडा छाटा आणि मधली दोन बोटं रुंद पट्टी तेवढी बादलीत टाका. बादली प्लॅस्टिकची घ्या. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीमुळे नमुन्यात जस्त जातं आणि अहवालात जस्त भरपूर आहे असं दिसतं.

तुम्ही न नांगरता पेरणार असाल तर वरच्या पाच सेंटिमीटरचा एक वेगळा नमुना फक्त सामूसाठी घ्या. न उलथलेल्या जमिनीत वरचा थर खालच्यापेक्षा बराच आम्ल असू शकतो, आणि बारीक बियाणं नेमकं तिथेच रुजतं.

बादलीतली माती फोडून, खडे-मुळं काढून एकजीव करा. स्वच्छ प्लॅस्टिकवर गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा. ऊन, चूल, ओव्हन नको, उष्णतेने काही आकडे बदलतात. पिशवीवर तुकड्याचं नाव, खोली, तारीख लिहा आणि सोबतच्या कागदावर काय पेरणार ते अवश्य लिहा. 'चारा' एवढंच लिहिलं तर शिफारसही तेवढीच मोघम येते.

घरगुती पट्ट्या किंवा रंगाच्या किटवर सामूचा ढोबळ अंदाज येतो, डिस्टिल्ड पाणी वापरलं तर बरा येतो. दोन सळ्या मातीत खुपसायच्या स्वस्त मीटरवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. एकाच खड्ड्यात ओल बदलली की त्याचा काटा बदलतो.

अहवाल वाचताना

पहिल्यांदा सामू बघा. बाकी आकडे त्यानंतर. सामूची मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेन्सन या डॅनिश रसायनतज्ज्ञाने मांडली, तीही एका बिअर कारखान्याने उभारलेल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. ही पट्टी सरळ नाही, दसपटीची आहे. ५.२ ची आम्लता ६.२ च्या दहापट. 'एकच अंक तर कमी आहे' हे वाक्य म्हणूनच घातक.

सामू ५.५ च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं जाड, आखूड होतात. स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतं. मॉलिब्डेनम मिळेनासं होतं आणि द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठीतल्या जिवाणूंना ते लागतंच. म्हणजे आम्ल जमिनीत टाकलेलं खत बऱ्याच अंशी वाया जातं. पांढऱ्या क्लोव्हरला ६ ते ७, ल्युसर्नला ६.५ ते ७.५ सामू लागतो. मोहरी, मुळा, सलगम या वर्गाला सहाच्या वर बरं पडतं. ओट, राय (गव्हासारखं एक धान्य), बकव्हीट (कुट्टू) साडेपाचच्या आसपासही तग धरतात, चवळीही बऱ्यापैकी.

अहवालात सामू पाण्यात मोजलाय की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात ते बघा. दुसऱ्या पद्धतीत आकडा साधारण अर्ध्या ते एका अंकाने कमी येतो. बफर सामू नावाचा आणखी एक आकडा कधी असतो. तो पिकासाठी नसतो, चुना किती लागेल ते काढण्यासाठी असतो. दोन्हींची गल्लत करू नका.

स्फुरदाच्या आकड्याशेजारी पद्धतीचं नाव असतं. ब्रे पद्धत १९४५ ची, आम्ल जमिनीसाठी. ओल्सेन १९५४ ची, उदासीन आणि चुनखडीच्या जमिनीसाठी. मेहलिक-३ ही १९८४ ची, अनेक अन्नद्रव्यं एकाच अर्कात काढणारी. तीच माती तीन पद्धतींनी तीन वेगळे आकडे देते. म्हणून गेल्या वेळचा आणि या वेळचा अहवाल वेगवेगळ्या पद्धतीचा असेल तर तुलना करू नका, 'कमी, मध्यम, जास्त' हा शेरा तेवढा बघा.

एककांचा घोळ तर ठरलेलाच. दशलक्षांश भागातला (पीपीएम) आकडा किलो प्रति हेक्टर करायचा तर १५ सेंटिमीटर थरासाठी २.२४ ने गुणा. खताच्या गोणीवर स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) ऑक्साइडच्या रूपात लिहिलेलं असतं. मूलद्रव्याचा आकडा ऑक्साइडमध्ये न्यायला स्फुरदाला २.२९ ने आणि पालाशला १.२ ने गुणा.

चुना: घाई करायची नाही ती गोष्ट

छोट्या तुकड्यासाठी एक सूत्र पाठ करून ठेवा. हेक्टरी एक टन म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम. हेक्टरी दहा किलो म्हणजे चौरस मीटरला एक ग्रॅम. एवढ्यावर सगळे हिशेब होतात.

समजा शिफारस आली हेक्टरी तीन टन. म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, आणि ५०० चौरस मीटरला १५० किलो. पण ही शिफारस शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने असते. तुमच्या चुन्याचं उदासीनीकरण मूल्य, म्हणजे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटला १०० धरून त्याची आम्ल मारण्याची ताकद, ८० असेल तर १५० ला ०.८० ने भागा: साधारण १९० किलो लागेल. डोलोमाइटचं शुद्ध मूल्य १०९ च्या आसपास, विरवलेल्या चुन्याचं १३५ च्या आसपास. अहवालात मॅग्नेशियम कमी दाखवलं असेल तर डोलोमाइट घ्या, नसेल तर साधी चुनखडीची भुकटी. कळीचा चुना कातडी आणि डोळे भाजतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

भुकटी किती बारीक आहे यावर सगळं अवलंबून. रवाळ, भरड चुना वर्षानुवर्षं मातीत खड्यासारखा पडून राहतो. हातात घेऊन चोळा. पिठासारखा लागला पाहिजे.

पसरण्याआधी एक चौरस मीटरची चौकट जमिनीवर दोरीने आखा, ३०० ग्रॅम वजन करून तिच्यात पसरा आणि नीट बघून घ्या. डोळ्यांत ते चित्र बसलं की बाकीचा तुकडा हाताने पसरता येतो. एकूण चुन्याचे दोन भाग करा. एक उभा पसरा, एक आडवा. वारा असताना करू नका, आणि तोंडाला फडकं बांधा.

मग मातीत मिसळा. चुना पाण्याबरोबर खाली जात नाही म्हटलं तरी चालेल. नुसता वर पसरलेला चुना वर्षाला एक-दोन सेंटिमीटर खाली सरकतो. कुळवून, फणून वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये मिसळला तर तीन ते सहा महिन्यांत फरक दिसू लागतो, पूर्ण परिणामाला एक-दोन वर्षं. झाडांच्या मुळांमुळे किंवा दगडांमुळे नांगर घालता येत नसेल तर एका वेळी हेक्टरी दोन-अडीच टनांपेक्षा जास्त वर टाकू नका. थोडा थोडा दरवर्षी टाका आणि तोवर आम्लता सोसणारं ओट किंवा राय पेरा. मिसळता येत असलं तरी गरज हेक्टरी पाच टनांच्या वर असेल तर दोन हप्ते करा.

चुना आणि ताजं शेणखत किंवा युरिया-अमोनियमची खतं एकाच दिवशी कधीच नाही. नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन हवेत उडतो. नाकाला झोंबणारा वास आला की तुमचं खत उडून चाललंय.

लाकडाची राख चालते, पण जपून. तिचं मूल्य फार बदलतं आणि पालाशही बरंच असतं. रंगवलेल्या किंवा रसायनात बुडवलेल्या लाकडाची राख अजिबात नको.

जिप्समबद्दल एक गैरसमज पक्का रुजलाय. जिप्सम आम्लता घालवत नाही. त्यात कॅल्शियम असतं, पण आम्ल मारणारं कार्बोनेट नसतं. त्याचा खरा उपयोग चोपण जमिनीत, जिथे सोडियममुळे माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी होते. तिथे कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, आणि मग ते सोडियम धुऊन न्यायला भरपूर पाणी आणि निचरा दोन्ही लागतात. निचरा नसेल तर जिप्सम टाकून काही उपयोग नाही.

चुनखडीची जमीन असेल तर

गंधक टाकून सामू उतरवा, असा सल्ला हमखास मिळतो. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्यामुळे उबदार, ओलसर जमिनीत ते महिनोन्महिने चालतं, हे खरं. पण मोकळा चुना असेल तर हिशेब बघा. वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये एक टक्का चुना म्हणजे ५०० चौरस मीटरमध्ये सुमारे अकराशे किलो. तो मारायला साडेतीनशे किलोच्या वर गंधक लागेल, आणि सामू खाली यायला सुरुवात होईल ती त्यानंतर. अशा जमिनीत सामूशी झगडू नका. ल्युसर्नसारखं पीक निवडा आणि सेंद्रिय पदार्थ वाढवा. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर लोहाची कमतरता असू शकते. अशा वेळी लोह जमिनीत न टाकता पानांवर फवारलेलं बरं.

खत: कमी तेच बरं

सामू जागेवर आला की स्फुरद आणि पालाशकडे वळा. शिफारस हेक्टरी ४० किलो स्फुरद, ऑक्साइडच्या रूपात. म्हणजे चौरस मीटरला चार ग्रॅम. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के, म्हणून चौरस मीटरला २५ ग्रॅम, ५०० चौरस मीटरला साडेबारा किलो. स्फुरदही जागेवरून फारसं हलत नाही, म्हणून पेरणीआधी मातीत मिसळा. 'कमी' शेरा असेल तरच. 'जास्त' शेरा असताना टाकलेलं स्फुरद पावसाबरोबर ओढ्यात जातं आणि तिथे शेवाळ वाढवतं.

नत्राबाबत हात आखडता ठेवा. द्विदल पीक असेल तर नत्र लागत नाही. उलट दिलं तर गाठी धरत नाहीत आणि गवत माजतं, माझ्या पहिल्या तुकड्यात झालं तसंच. ओट, मोहरीवर्गाला द्यायचं तर दोन हप्त्यांत.

इथे शेतकऱ्याला पडत नाही असा एक प्रश्न आहे. या तुकड्यावर चरणारा प्राणी कोणी राखत नाही. ओट, बाजरी, ज्वारी आणि मोहरीवर्गातली पिकं भरपूर नत्र मिळून वर पाण्याचा ताण पडला की खोडात नायट्रेट साठवतात, आणि रवंथ करणाऱ्या प्राण्यांना ते विषारी ठरतं. कोवळ्या किंवा ताण बसलेल्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. गुरं असती तर आपण हाकलली असती. हरणांना कोण हाकलणार? म्हणून अवर्षणाचा धोका असेल तिथे नत्राचा दुसरा हप्ता सोडून द्या, आणि ज्वारी शक्यतो पेरूच नका.

युरियाची सांडलेली रास उचलल्याशिवाय तुकडा सोडू नका. खारट चवीला प्राणी ओढले जातात आणि रवंथ करणाऱ्या प्राण्याला युरियाची थोडी जास्त मात्राही जिवावर बेतते. गोणी तिथे रात्रभर ठेवू नका. औषध चोळलेल्या बियाण्याचंही तसंच. वर उघडे राहिलेले दाणे पक्षी टिपतात, तेव्हा असं बियाणं वापरायचंच असेल तर मातीआड गेलं आहे ना ते चालत जाऊन बघा.

सेंद्रिय पदार्थ आणि त्यातलं लपलेलं दुखणं

रेताड जमिनीला पाणी धरायला आणि भारी जमिनीला हवा खेळवायला एकच उपाय, तो म्हणजे सेंद्रिय पदार्थ. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट चौरस मीटरला एक-दोन किलो पुरे. दरवर्षी ढीगभर ओतत गेलात तर स्फुरद साठत जातं. ताज्या शेणातून तणांचं बी येतं, मग वर्षभर तेच काढत बसा.

बाहेरून आणलेलं शेणखत किंवा वाळलेला चारा आच्छादनाला वापरण्यापूर्वी एक तपासणी कराच. क्लोपायरॅलिड, पिक्लोरॅम अशी काही तणनाशकं गुरांच्या पोटातून जाऊन शेणातही टिकून राहतात, कंपोस्ट झाल्यावरही. गवताला त्यांचं काही होत नाही, पण क्लोव्हर, चवळी, वाटाणा मरतात. तीन कुंड्यांत तुमची माती आणि ते खत मिसळून, तीन कुंड्यांत नुसती माती घेऊन वाटाणा किंवा घेवडा पेरा. तीन आठवडे बघा. खताच्या कुंडीत पानं वाटीसारखी आत वळली, शेंडा पिळवटला तर ते खत घेऊ नका, फुकट मिळालं तरी.

भुसा, काड, वाळलेली पानं मातीत गाडू नका, वर पसरा. काडात एका भाग नत्राला सुमारे ८० भाग कर्ब (कार्बन) असतो. ते कुजवायला जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि तुमचं पीक पिवळं पडतं.

सगळ्यात सोपं म्हणजे हिरवळीचं खत. पहिला हंगाम चाऱ्याला देऊच नका, जमिनीला द्या. उबदार दिवसांत चवळी, ताग किंवा बकव्हीट, थंडीत राय किंवा ओटमध्ये मुळा मिसळून. फुलावर आलं की कापून आडवं करा किंवा गाडा, आणि पुढच्या पेरणीला दोन-तीन आठवडे थांबा. नाहीतर कुजण्याच्या गडबडीत बारीक बियाणं दगावतं. लोकांना हे एक हंगाम वाया घालवणं वाटतं. प्राणी ती चवळीही खातातच.

घट्ट थर

फावड्याने थर सापडला असेल तर जमीन ओली असताना बोटभर जाडीची लोखंडी सळई तुकडाभर वीसेक ठिकाणी सरळ दाबून बघा आणि ती कुठे अडते ते लिहा. सगळीकडे एकाच खोलीवर अडली तर नांगराचा तळ असावा. कुठे अडली, कुठे गेली, तर गाडीच्या चाकोऱ्या किंवा दगड. खोल फोडणी खालचा थर कोरडा असतानाच करा. ओला असताना फाळ फक्त लिंपण करत जातो आणि थर आणखी पक्का होतो. यंत्र नसेल तर जाड मुळ्याचं पीक घ्या. मुळं थरात घुसतात, कुजतात आणि पुढच्या पिकाला भोकं तयार मिळतात. दोन-तीन हंगाम लागतात, मात्र ट्रॅक्टरही त्याच वाटेने आणायचा बंद करावा लागतो.

गाठी मोजा

द्विदल पिकाचं बियाणं पेरण्याआधी त्याच गटाचं रायझोबियम संवर्धक, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, चोळा. क्लोव्हरचा जिवाणू ल्युसर्नला चालत नाही, चवळीचा दोघांनाही नाही. मुळावरच्या गाठीतून हवेतलं नत्र मिळतं हे हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी १८८८ मध्ये दाखवून दिलं, तेव्हापासून हे शास्त्र पक्कं आहे. संवर्धक जिवंत आहे, उन्हात ठेवू नका, मुदत बघा, चोळल्यावर त्याच दिवशी पेरा.

सहा-आठ आठवड्यांनी चार-पाच रोपं फावड्याने मातीसकट उचला. ओढून उपटलं तर गाठी मातीतच राहतात. बादलीभर पाण्यात हलवून मुळं धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे. हा रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीचा. पांढरी किंवा हिरवट निघाली तर जिवाणू चुकीचा, सामू अजून कमी किंवा नत्र जास्त, तिन्हींपैकी काहीतरी आहे.

चरलं की वाढलंच नाही?

छोट्या तुकड्यात हा प्रश्न हटकून पडतो, आणि चुकीचं उत्तर धरून लोक खत ओतत राहतात. उगवण झाली की लगेच मीटरभर व्यासाचे जाळीचे दोन-तीन गोल पिंजरे करा, उंची प्राण्याच्या मानेला पुरून उरेल एवढी. खुंट्यांनी पक्के रोवा. एक चांगल्या जागी, एक वाईट, एक सावलीकडे. महिन्याने आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर असेल तर तुमची माती ठीक आहे, तुकडा लहान पडतोय किंवा प्राणी जास्त आहेत. आत-बाहेर दोन्हीकडे बोटभरच असेल तर दोष मातीत आहे. सावलीच्या पिंजऱ्यातच कमी असेल तर झाडांची मुळं पाणी ओढताहेत, तिथे खत घालून ते झाडालाच पोचेल.

शंका उरली तर एक पट्टा चुना दुप्पट, एक पट्टा बिनखताचा, असे दोन मीटर रुंद पट्टे ठेवून बघा. मी खुंट्यांवर रंग लावतो आणि वहीत नकाशा काढतो, कारण गवत वाढल्यावर कुठला पट्टा कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

दर तीन वर्षांनी, चुना घातला असेल तर वर्षाने एकदा फक्त सामूसाठी, पुन्हा नमुना घ्या. त्याच महिन्यात, त्याच खोलीवर, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. पिंजरे मात्र दर हंगामाला उचलून नवीन जागी रोवा. एकाच जागी राहिले तर आत न चरलेलं, न तुडवलेलं आणि लेंडी न पडलेलं वेगळंच बेट तयार होतं आणि त्याची बाहेरच्या मातीशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.